माळवदावरचं गवत

निरवांगीच्या फाट्यावर नागेशची चहाची टपरी आहे. यंदाच्या फेब्रुवारीत त्या टपरीवर दुसरा विषयच नव्हता. बिरदेव हिमालयात जाऊन आला होता, आणि तेही भर थंडीत, तिकडं कुत्रंसुद्धा फिरकत नाही अशा दिवसांत.

"तात्या, खरंच नदी गोठलेली?"

"वरनं बैलगाडी गेली असती."

"मग पाणी कुठलं प्यायचं?"

"बरफ वितळवायचा. चार घागरी बरफ तवा एक घागर पाणी."

"आन् परसाकडं?" हे कुणीतरी विचारणार हे ठरलेलंच होतं.

"जायचं, वरनं फावडाभर माती लोटायची. पाण्याचं नाव काढायचं न्हाय."

टपरी खो खो हसायची. बिरदेव सगळं रंगवून सांगायचा. तिकडं काझा गावात तीन दिवस डोकं कसं ठणकलं, अंड्याचा कसा दगड झाला, सकाळी मिशीला बर्फाचे मणी कसे लोंबायचे. पण एकदा नागेशनं सहज विचारलं, "तुमी तर जातिवंत मेंढक्या. तिकडची मेंढरं कशी असत्यात वो?" तसा बिरदेवचा चेहरा उतरला. "असत्यात मेंढरावानी," एवढं बोलून त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला आणि तो उठला.

"वरची हवा लागली तात्याला," नागेश म्हणाला.

हवा नव्हती लागली. दुसरंच काहीतरी लागलं होतं.

बिरदेव एकसष्टीचा. त्याच्या बापाची तीनशे मेंढरं होती. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं-माणसांचा सगळा तांडा, घाट उतरून कोकणात जायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाला माघारी यायचा. बिरदेव त्या वाड्यातच चालायला शिकला. लांबून, नुसत्या चालीवरून, कुठली मेंढी भुकेली, कुठली गाभण, कुठलीच्या खुरात काटा, हे तो सांगायचा, आणि त्याचं सांगणं चुकत नसे. पुढं माळरानं नांगराखाली गेली, चरायला जागा उरली नाही, लेकीची शाळा आडवी आली. पंधरा वर्षांमागं त्यानं अख्खा कळप एका सकाळी व्यापाऱ्याच्या ट्रकात चढवला. आता दोन एकर रान, तीन गाई आणि डेअरीची किटली. गाई काही वाईट नव्हत्या. पण गाय दावणीला उभी असते, ती माणसाच्या मागं येत नाही.

लेक कागदावर निकिता, घरात छकुली. जनावरांची डॉक्टर झाली आणि एका संस्थेकडून हिमाचलातल्या स्पितीत गेली, तिकडच्या पाळीव जनावरांच्या रोगांचा अभ्यास करायला. जानेवारीत तिचा फोन आला, "आबा, चला माझ्याबरोबर. सीझनला तिथं नुसती गाड्यांची जत्रा असते, हॉटेलातनं हॉटेलात. आता सगळी हॉटेलं बंद. आता गेलं तर लोकांच्या घरात राहायला मिळतं, त्यांची जनावरं बघायला मिळतात. तुम्हाला ते आवडंल."

बिरदेवची बायको भागूबाई, तिचे गुडघे धरलेले. ती म्हणाली, "जावा की. हितं बसून तरी माझं डोस्कंच खाताय."

असा बिरदेव गेला. चंदीगडपर्यंत रेल्वे, पुढं जीप, आणि दरीच्या कडेकडेनं दोन दिवस. काझ्याच्या वरच्या अंगाला बारा घरांचं एक गाव होतं. तिथं सोनम नावाच्या बाईच्या घरी दोघं उतरले. भागूबाईला फोनवर नाव कळलं तशी ती म्हणाली, "अगंबाई, आपल्या लोणी भापकरच्या पावण्यांतल्या सोनमवानी!" ही सोनम पन्नाशीची, गाल जांभळे, हात खुरप्यागत. नवरा हिवाळ्यात खाली कामाला जायचा. ती बिरदेवला 'मेमे' म्हणायची, म्हणजे आजोबा.

घर मातीचं, दोन मजली. वर माणसं, खाली जनावरं, आणि माथ्यावर माळवद. अगदी आपल्याकडच्या जुन्या घरांना असायचं तसं सपाट. खालच्या गोठ्यात एक चुरू होती, म्हणजे गाय आणि याक यांची मिसळ, आणि ती गाभण होती. एक गाढव होतं. आणि सात मेंढरं.

बिरदेव पहिल्याच दिवशी गोठ्यात उतरला तो तासभर वर आलाच नाही. पंधरा वर्षांनी त्याच्या नाकात लेंड्यांचा आणि ओल्या लोकरीचा वास गेला होता. त्यानं एकेकीच्या पाठीवरून हात फिरवला. लोकरीखाली बरगड्या बोटाला लागत होत्या. गव्हाणीत गवताचा कपटासुद्धा नव्हता. जनावरं अंधारात नुसती डोळे मिटून उभी.

वर येऊन तो लेकीला हळूच म्हणाला, "बाई चांगली हाय, पर हात आखडता हाय तिचा. जित्राबं उपाशी हायती."

"आबा, हिवाळ्यात असंच असतं हितं."

"मला शिकीव आता मेंढरं."

पाचव्या दिवशी सोनमची आई पलीकडच्या गावात आजारी पडली. त्याच गावात छकुलीला जनावरांचं रक्त तपासायचं होतं. दोघी मिळून निघाल्या, दोन दिवसांत येतो म्हणाल्या. जाताना सोनमनं बिरदेवला माळवदावर नेलं. माळवदाच्या तीन कडांना कमरेएवढं गवत रचलेलं, वर दोर आणि दोराला दगड. तिनं उत्तरेच्या कडेचं एक कवळं, कवेत मावेल एवढं, गवत काढून त्याच्या हातात दिलं. "सुबह इतना. शाम को आधा. बस. मेमे, इतना ही."

"हां हां," बिरदेव म्हणाला. "मैं धनगर है. मेरेकू मालूम."

दोघी गेल्या, आणि त्याच दुपारी बर्फ पडायला लागलं. वाट बुजली. दोन दिवसांचे नऊ दिवस झाले.

त्या नऊ दिवसांत बिरदेव एकटा होता असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही. शेजारचा म्हातारा दोन वेळा जेवण आणून द्यायचा. त्याला हिंदी येत नव्हती आणि बिरदेवला त्याची भाषा येत नव्हती. पण बिरदेवला माणसांची गरजच नव्हती. पहिल्या सकाळी त्यानं मापानं गवत टाकलं. मेंढरांनी ते आठ घासांत संपवलं आणि माना वर करून त्याच्याकडं बघितलं. बस, तेवढ्यानं घात केला.

तो पुन्हा वर गेला. आणखी एक कवळं आणलं. संध्याकाळी दोन.

आणि चांगल्या मेंढक्याची खोड अशी, की गवत उचलण्याआधी तो ते चोळून, हुंगून बघतो. उत्तरेच्या कडेचं गवत काडीचं, जाडंभरडं. दक्षिणेच्या कडेचं मात्र मऊ, हिरवट, वास असा की माणसालाही तोंडात टाकावंसं वाटावं. बिरदेवला सोनमचं नवलच वाटलं. एवढं चांगलं गवत घरात असून जनावरांपुढं काटक्या टाकते! त्यानं दक्षिणेची कड उघडली. दोर सोडला, दगड बाजूला केले. परत ते बांधायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. आपल्याकडं या दिवसांत कुणाला गवत बांधून ठेवायची सवय? उसाची तोड चालू असते, फडात वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, पडलेलं असतं, न्यायला माणूस मिळत नाही.

तिसऱ्या दिवसापासून एक गोष्ट झाली. बिरदेव जिन्यावरून उतरायला लागला की खालून मेंढरं ओरडायची. त्याच्या पावलाच्या आवाजाला. एक कान फाटलेली मेंढी होती, ती तर दाराशी येऊन त्याच्या मांडीला डोकं लावायची. तो एकेकीशी बोलायचा, बापाच्या वाड्यातली नावं घेऊन हाका मारायचा. मग पुन्हा माळवदावर जायचा. सहाव्या दिवसापासून तर तो मोजायचंच विसरला.

शेजारचा म्हातारा एकदा गोठ्यात डोकावला. भरलेल्या गव्हाणीकडं बघत राहिला. मग बिरदेवकडं बघून जिभेनं चक चक केलं. बिरदेवला वाटलं, कौतुक करतोय. त्यानं मिशीवरून हात फिरवला.

आठव्या दिवशी वारं सुटलं. दक्षिणेच्या कडेचं उघडं गवत अंगणात, दरीत, कुठं कुठं उडालं. बिरदेवनं वरून बघितलं आणि मनात म्हटलं, ऱ्हाऊ दे, मुठीनं गेलं, डोंगर काय कमी झाला का!

नवव्या दिवशी ऊन पडलं आणि दोघी आल्या. बिरदेव माळवदावर उभा राहून हात करत होता. खालच्या वळणावर त्याला सोनम दिसली. ती चालता चालता थांबली. तिनं घराकडं नुसतं बघितलं. माळवदाची एक बाजू बोडकी झाली होती, आणि ती तिला अर्ध्या मैलावरून दिसली.

ती वर आली. आधी गोठ्यात गेली. शेणाकडं बघितलं. मग वर आली, चूल पेटवली, चहा ठेवला. "मेमे, ठंड तो नहीं लगा?"

छकुली मात्र माळवदावर जाऊन आली ती पांढरीफटक. "आबा, काय केलं हे तुमी?"

"भुकेली हुती जित्राबं."

"तिनं माप दाखवलं नव्हतं?"

"दाखवलं की. पर मला दिसत हुतं ना—"

"तुमाला काय दिसत होतं?" लेक कधी ओरडायची नाही, आताही ओरडली नाही, पण एकेक शब्द तोडून बोलली. "हितं गवत उन्हाळ्यात दोनच महिने येतं. बाया डोंगरावरनं पाठीवर आणतात. मे महिन्यापर्यंत दुसरी काडी मिळत नाही. एक कड एक महिन्याची आबा. उत्तरेची फेब्रुवारीची, पलीकडची मार्चची. आणि तुमी काढली ती एप्रिलची. चुरू एप्रिलमध्ये विणार. मऊ गवत तिनं तेवढ्यासाठी बाजूला ठेवलं होतं. वेलेल्या जनावराला."

बिरदेव उभा होता तो खाली बसला.

"आन् बरगड्या?"

"थंडीत ती कमी हलतात, कमी खातात. तसंच जगतात. शेकडो वर्षं."

चहा आला. सोनमनं पेला त्याच्या हातात दिला, आणि लेकीकडं बघून हिंदीत म्हणाली, "मेमे को मत डाँटो. प्यार से खिलाया है."

ती चार शिव्या देती तर बरं झालं असतं. बिरदेव आयुष्यभर पाटलांच्या शिव्या खाऊन मोठा झालेला माणूस. कुणाच्या पिकात मेंढरू शिरलं की शिव्या खायच्या, मान खाली घालायची, विषय मिटायचा. इथं मान खाली घालायलाही कुणी सांगितलं नाही.

रस्ता मोकळा व्हायला अजून चार दिवस होते. ते चार दिवस बिरदेवला जन्माचे पुरले. सोनमनं पुन्हा मापानं टाकायला सुरुवात केली. सकाळी एक कवळं, संध्याकाळी अर्धं. पण आता मेंढरांचं पोट वाढलेलं. बिरदेवचं पाऊल जिन्यावर वाजलं की ती ओरडायची, थांबायचीच नाहीत. मग त्यानं बूट काढले. लोकरीचे मोजे घालून, भिंतीला धरून, चोरागत चालायचा. तरी फाटक्या कानाचीला कळायचं.

त्यानं लेकीला विचारलं, "गावात कुणाकडनं मागता यील का? मी काय बी देतो."

"कुणाकडं जास्तीचं नाहीच, तर तुमी देऊन काय होणार?"

जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी शेजारचा म्हातारा आला. पाठीवर गवताचा एक लहान भारा. पाठोपाठ आणखी दोन घरांतल्या बाया, त्यांच्या काखेत एकेक कवळं. सोनम नको नको म्हणत होती. म्हाताऱ्यानं भारा माळवदावर टाकला, दोर बांधला, दगड ठेवला, आणि बिरदेवच्या शेजारून निघून गेला. त्यानं चक चक केलं नाही. बघितलंच नाही.

निघताना बिरदेवनं सोनमपुढं हात जोडले. बोलायचं खूप होतं, पण हिंदी सुचेना. मराठी सुचली असती तरी काय बोलला असता, देव जाणे. सोनमनं त्याच्या गळ्यात पांढरा रेशमी पट्टा घातला, पाहुण्याला घालतात तसा. तो त्यानं जीपमध्ये बसताच काढून पिशवीत कोंबला.

गावी आला तर निरवांगीत सगळं हिरवंगार. कॅनॉलला पाणी. फडात उसाची तोड. तोडणाऱ्या बाया म्हणाल्या, "तात्या, न्या की वाढं, वाळून चाललंय." बिरदेवनं ते बघितलं आणि तो तडक घरी आला. गाई वैरण पायाखाली तुडवायच्या, त्यावर शेण टाकायच्या, तर तो काडी काडी वेचायला लागला. भागूबाई बघत होती. तिनं विचारलं, "आवं, काय हरवलंय?" तो म्हणाला, "काय न्हाय."

मार्चमध्ये तो इंदापूरला मकसूदकडं गेला. मकसूदचं पेंडीचं दुकान, आणि आता मुरघासाच्या बॅगा विकायचा. मका कुटून, दाबून, हवाबंद केलेला चारा. दोघांची दोस्ती मेंढरांच्या दिवसांपासूनची. मकसूदच्या बापाच्या रानात बिरदेवचा वाडा खतासाठी बसायचा.

"या बिरदेवराव! हिमालयाचे साधू!" मकसूदनं खुर्ची पुढं केली. "काय देऊ?"

"मुरघासाच्या धा बॅगा. स्पितीला पोचवायच्या."

मकसूद हसायला लागला. मग त्यानं बिरदेवचं तोंड बघितलं आणि हसायचं थांबला. "काय झालं, गड्या?"

बिरदेवनं पहिल्यांदा सगळं सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक आलं, मकसूदनं त्याला हातानंच थांबवलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "बिरदेव, माझा माल नागपूरला न्यायचा म्हटलं तरी ट्रकवाला कुरकुरतो. आन् त्या घाटातनं कोण नेणार? शेवटच्या गावाला तर बरफात गाडीच जात न्हाय म्हणतोस."

"मी न्हीन पाठीवर."

"एक बॅग पन्नास किलोची. तू पडशील दरीत, मग भागूभाभी माझ्या दारात बसंल." मग तो म्हणाला, "बाईला फोन तरी केलास का?"

"काय तोंडानं करू?"

"ह्याच. दुसरं कुठनं आणणार?"

पण बिरदेवनं फोन केला नाही. एप्रिल आला. इकडं ऊन तापलं. उजनी धरणाचं पाणी उतरलं तशी पळसदेवची बुडालेली जुनी देवळं उघडी पडली. लोक गाड्या करून बघायला गेले, बिरदेवला बोलावलं, तो गेला नाही. रोज सकाळी दूध काढताना त्याच्या मनात एकच यायचं. आज वेली असंल का? तिच्यापुढं काय टाकलं असंल? छकुली त्या दिवसांत पुण्याला ऑफिसात होती. तिला विचारलं की ती म्हणायची, "तिकडं रेंज नाही आबा. कळलं की सांगते."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिचाच फोन आला. "आबा, सोनमदीदी लाइनवर आहे. बोला." आणि बिरदेवनं नाही म्हणायच्या आत तिनं जोडून दिला.

"मेमे! ठीक हो?" तोच आवाज.

"हां. चुरू?"

"चुरू ने बछड़ा दिया. दूध कम था. हमने बछड़े को सत्तू पिलाया. जिंदा है."

बिरदेवनं डोळे मिटले. "और भेड़?"

"पाँच हैं, मेमे."

"सात थे."

"मार्च में दो नीचे भेज दिए. घास के लिए."

खाली पाठवली म्हणजे कुठं, हे मेंढक्याला समजवावं लागत नाही. बिरदेवनं विचारलं, "कौनसे दो?" आणि विचारताच त्याला वाटलं, विचारायला नको होतं.

"एक बूढ़ी. और एक वो, कान फटा हुआ. वो बहुत चिल्लाती थी. उसको भूख का आदत नहीं रहा."

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिनं नुसतं झालं ते सांगितलं. मग तिनंच विचारलं, तुमच्या गाई कशा आहेत, आजी कशी आहे. बिरदेव हां हां करत राहिला. शेवटी कसंबसं म्हणाला, "सोनमबाई, मेरा चुक्या. माफ करना." ती म्हणाली, "मेमे, हो गया," आणि फोन तुटला.

भागूबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं अर्धं ऐकलं होतं. "काय वो, कोण चुकलं? काय झालं?"

तेव्हा बिरदेवनं तिला सांगितलं. माप, दक्षिणेची कड, नऊ दिवस, मोजे घालून चालणं, सगळं. भागूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली, खाली उतरवली, आणि हात तसाच पिठाचा ठेवून ऐकत राहिली. शेवटी तो म्हणाला, "मला वाटलं जित्राबं भुकेली हायती."

"भुकेली ती नव्हती," भागूबाई म्हणाली. "तुमी हुता. पंधरा वरसं झाली, एक मेंढरू तुमच्या मागं आलं न्हाय."

बिरदेव म्हणाला, "व्हय."

तिनं ताट वाढलं. त्यानं ते पुढं ओढलं, पण घास उचलला नाही. फोन घेतला आणि लेकीला लावला.

"छकुले, तिकडं गवत कापत्यात कवा?"

"ऑगस्टमध्ये. का?"

"माझं तिकीट काढ. आन् ऐक, बघायला न्हाय येत मी. कापायला येतुय."

"आबा, डोंगर चढावा लागतो. आणि दीदीला विचारायला लागंल. तिला चालेल का, मला नाही माहीत."

"इचार. न्हाय म्हणाली तर न्हाय." "तर त्या म्हाताऱ्याला इचार. त्याचा भारा हाय माझ्यावर."

त्यानं फोन खाली ठेवला. भागूबाईनं ताटातली भाकरी मोडून त्याच्या हातात दिली.

"खावा आधी," ती म्हणाली. "उपाशी माणसाकडनं गवत कापून हुत न्हाय."